आवडाबाईसाठी घेतलेली गाडी

जानू तांडेलाने दुसऱ्याचं ऐकून आयुष्यात एकच गोष्ट केली, ती म्हणजे लग्न. तेही बापाच्या धाकाने. बाकी सगळा कारभार स्वतःच्या डोक्याने. त्यामुळे साठी उलटल्यावर त्याने लाँचमधला आपला हिस्सा विकला आणि पुण्याहून एक तेरा वर्षं जुनी, आत पलंग, चूल आणि न्हाणीघर असलेली गाडी आणली, तेव्हा रत्नागिरीजवळच्या मिऱ्या गावातल्या कुणालाच नवल वाटलं नाही. हसले मात्र सगळे. म्हाताऱ्याला पाणी सुटेना, म्हणून रस्त्यावर चालणारी लाँच घेऊन आला, असं मिरकरवाड्याच्या जेटीवर चार दिवस चाललं होतं.

हसणाऱ्यांना कारण ठाऊक नव्हतं, आणि जानू सांगणाऱ्यातला नव्हता. कारण होतं आवडाबाई.

आवडाबाईने तीस वर्षं मासळी विकली. टोपली डोक्यावरून उतरली ती थेट दवाखान्यात. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठतंय. पाणी काढायच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी पायांची सूज उतरली, पण दर अर्ध्या तासाला बाईला मोरी गाठावी लागे. त्यातच ती एकदा कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला म्हणून एसटीत बसली. साखरप्याच्या अलीकडे तिने कंडक्टरला हात केला, गाडी थांबवा म्हणाली. थांबेपर्यंत उशीर झाला होता. पुढचं दर्शन राहिलं. परतीच्या गाडीत ती ओल्या लुगड्यात खिडकीकडे तोंड करून बसली, ती रत्नागिरी येईपर्यंत. घरी आल्यावर म्हणाली, "मना आता कुठं नेऊ नका. माजा फिरना झाला."

हे वाक्य जानूच्या काळजात रुतून बसलं. पस्तीस वर्षं तो दर्यावर होता आणि ती दारात. दर वर्षी ती विचारायची, जाऊया काय कुठं? दर वर्षी तो म्हणायचा, बंदीच्या दिवसांत जाऊ. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली, की लाँच ओढून किनाऱ्यावर घ्यायची, जाळी शिवायची, इंजीन खोलायचं, फायबर मारायचं, तोवर नारळी पौर्णिमा. बाई एकदाही कुठे गेली नाही. आणि आता नेणारा मोकळा झाला, तर बाईचा देह अडून बसला. जानूला स्वतःचीच शिसारी आली. हिचं हृदय बंद पडायच्या आत हिला फिरवायचं, आणि फिरवताना हिला कुणासमोर मान खाली घालायला लागू द्यायची नाही, एवढं एकच त्याने ठरवलं. मोरी बरोबर घेऊन फिरणारी गाडी हवी, इतका साधा हिशेब.

पुण्याचा विकणारा गृहस्थ निवृत्त साहेब होता. गाडी त्याने हौसेने स्वतः आखून घेतलेली, त्यामुळे देताना तिची पोथीच वाचली. बॅटरी कुठली, पंप कुठला, सिलिंडर बाहेरच्या कप्प्यात का, गॅसचा गीझर न्हाणीत कसा लावला, पडद्यांचं कापड कुठून आणलं. न्हाणीला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या होत्या. तिकडे बोट करून तो म्हणाला, "इथं हवा खेळती राहिली पाहिजे हं." पण पडद्यांवर तो जितका वेळ बोलला, त्याच्या दहाव्या हिश्शानेही जाळ्यांवर बोलला नाही. हवा कशासाठी खेळायची, हे त्याने सांगितलं नाही. जानूने विचारलं नाही. बुरशी धरत असेल, एवढं धरून त्याने मान हलवली. जन्मभर बोटीत राहिलेल्या माणसाला पुण्याचा माणूस हवापाणी काय शिकवणार?

आंबा घाट उतरतानाच क्लच गेला. त्यानंतर दोन महिने गाडी रत्नागिरीजवळ नाचणे गावातल्या गॅरेजात आणि जानू गाडीखाली. खाऱ्या हवेने आधीच गंजलेली चासी खरवडली, तेल पाजलं, सेल्फ बदलला, पाण्याची टाकी घासून काढली. इंजीन त्याने मेकॅनिकला करू दिलं, पण बॉडीला हात लावू दिला नाही. बॉडी म्हणजे त्याच्या लेखी होडीच. आवडाबाई घरून डबा पाठवायची आणि वर निरोप द्यायची, की माझ्यावर इतका जीव कधी टाकला नाही माणसाने. निरोप ऐकून जानू गाडीखालीच हसायचा.

पावसाळ्यात गाडी घराशेजारी उभी राहिली आणि गळायला लागली. छताच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून, न्हाणीच्या खालच्या जाळीतून. मिऱ्याचा पाऊस सरळ पडतच नाही, आडवा येतो. जानू रोज सकाळी फडकं घेऊन आत जायचा आणि शिव्या देत बाहेर यायचा. दर्यावरच्या माणसाला आत आलेलं पाणी दिसलं, की तो कारण बघत बसत नाही, वाट बंद करतो. असा विचार करत बसलेली माणसं परत येत नाहीत. त्याने मॅट आणली, रेझीन आणलं, हार्डनर मिसळला आणि लाँचच्या तळाला मारतात तसं फायबर मारलं. छत, चौकटी, सगळ्या फटी. खालची जाळी तर त्याला पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. तळाशी भोक ठेवणारा माणूस वेडाच असला पाहिजे. तीही बुजवली. घासून, रंग देऊन अशी सपाट केली, की जाळी कुठे होती ते शोधून सापडू नये. ह्या कामात तालुक्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्याचे वैरीही कबूल करत.

दिवाळी झाल्यावर तो आवडाबाईला घेऊन गणपतीपुळ्याला गेला. पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, पण बाई नव्या नवरीसारखी नटली होती. वाटेत चार वेळा गाडी थांबली, चार वेळा ती मागे न्हाणीत जाऊन आली, आणि कुणाला काही कळलं नाही. चौथ्या वेळी ती पुढे येऊन बसली आणि रडायलाच लागली.

"काय झाला गो?" जानूने विचारलं.

"काय नाय. बरा वाटला म्हनून."

त्या दिवशी जानूला वाटलं, पस्तीस वर्षांतलं काहीतरी फिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गाडीतच आंघोळ केली. गीझरचं पाणी भरपूर घेतलं. बाहेर आली ती डोकं धरून. मळमळतंय म्हणाली, पायही लटपटत होते. पलंगावर पडली, दारातून वारा लागला, तेव्हा तासाभराने हुशारी आली.

"त्या वरल्या जाळीतना गार वारा येतो थेट डोक्यावर," ती म्हणाली. "वल्या केसांवर बसला आसंल."

जानूला पटलं. वारा बसणं त्याला कळत होतं. भर दर्यात ओल्या अंगाने वारा घेतलेली माणसं त्याने तापाने फणफणताना पाहिली होती. घरी आल्या आल्या त्याने वरची जाळीही बुजवली. शिवाय न्हाणीच्या दाराला चारही बाजूंनी रबर लावलं. दार ओढलं, की फसकन आवाज होऊन घट्ट बसायचं. हिला आता वाऱ्याची झुळूकही लागणार नाही, ह्या समाधानात त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला.

जानेवारीत ते पावसला गेले. जानूच्या ओळखीच्या एका बागायतदाराच्या आंब्याच्या कलमांत गाडी उभी केली. मोहोर धरायचे दिवस, सकाळी दातावर दात वाजावेत अशी थंडी. आवडाबाईला आंघोळीशिवाय स्वामींच्या मठात जायचं नव्हतं. जानूने गीझर पेटवून दिला, दार ओढून घेतलं आणि बाहेर चुलीवर चहा ठेवला. आतून पाण्याचा आवाज येत होता.

"पानी कसा काय?" त्याने हाक मारून विचारलं.

"सोन्यासारका," ती आतून म्हणाली.

"सावकाश कर. घाय नाय काय."

त्याने चहा घेतला. बागेचा राखणदार आला, त्यालाही दिला. दोघे वानरांविषयी बोलत बसले, मोहोर कसा नासवतात त्याविषयी. पाणी अजून पडत होतं. जन्मभर दोन तांबे पाण्यात अंग ओलं करून बाजार गाठणारी बाई आज मनासारखी न्हातेय, म्हणून जानू हाकही मारायला उठला नाही. उठला तेव्हा आतून उत्तर आलं नाही. दार इतकं घट्ट बसलं होतं, की त्याला आणि राखणदाराला मिळून पहारीने उचकटावं लागलं.

पावसच्या डॉक्टरांनी तिच्या गोळ्या पाहिल्या, जुने कागद पाहिले. हृदयच ते, म्हणाले, कधीतरी थांबणारच होतं. कुणाला संशय घ्यायचं कारण नव्हतं. जानूलाही नाही.

तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. जानूची भावजय गोदूबाई तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "अहेव गेली गो बाय. बगा कशी लाल, टवटवीत दिसतेय. आजारी मानूस वाटतंय काय?" बायकांनी माना हलवल्या. जानूने ते ऐकलं आणि त्या बोलण्याचा त्याला आधार वाटला.

मुलगा सर्वेश मुंबईहून आला. बापाशी त्याचं कधीच फारसं बोलणं नव्हतं. तो जन्मला तेव्हा बाप दर्यावर, शाळेत गेला तेव्हा बाप दर्यावर, तापात आईने खांद्यावर टाकून दवाखाना गाठला तेव्हाही बाप दर्यावर. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण विसरलाही नाही. तेराव्यानंतर मात्र तो जानूजवळ येऊन बसला.

"बाबा," तो म्हणाला, "आई फोनवर नुसती गाडीचंच सांगायची. गणपतीपुळ्याला गेलो, असं केलं, तसं केलं. तुम्ही तिच्यासाठी एवढं कराल असं मला वाटलं नव्हतं. शेवटी तरी तुम्ही होतात तिच्याजवळ."

जानूचे डोळे भरून आले. बाई गेली ती गेली, पण सुखात गेली, आणि पोराने बापाला बाप म्हटलं. एवढ्यावर उरलेले दिवस निघतील असं त्याला वाटलं. आणि निघालेही असते.

दोन महिने तो गाडीतच राहिला. चूल घरात, झोप गाडीत. आंघोळ मात्र विहिरीवर. त्या न्हाणीत पाऊल टाकायचा त्याला धीर होत नव्हता. गोदूबाईने सर्वेशला फोन केला, की माणूस एकटा बडबडतो, जेवत नाही, गाडी काढून टाका. सर्वेशने गाडीचे फोटो विक्रीसाठी मोबाईलवर टाकले आणि बायको हेतलला मुंबईत ठेवून एका रविवारी स्वतः आला. चिपळूणचं एक जोडपं गाडी बघायला येणार होतं. संदेश हा शाळेत मास्तर, त्याची बायको दर्शना तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. सुट्टीत फिरायला त्यांना अशी गाडी हवी होती.

जानूला विकायचं मनात नव्हतं. पण गिऱ्हाईक पुढ्यात उभं राहिल्यावर त्याच्यातला कारागीर जागा झाला. त्याने संदेशला चासी दाखवली, तेल दाखवलं, इंजीन सुरू करून ऐकवलं. कित्येक दिवसांत तो इतकं बोलला नव्हता. सर्वेश बाजूला उभा राहून बापाकडे कौतुकाने बघत होता.

दर्शना आत फिरत होती. न्हाणीतून तिने हाक मारली, "काका, ह्याला जाळ्या नाहीत का कुठे?"

"व्हत्या," जानू पायरी चढून आत गेला. "खाली एक, वर एक. मी बुजवल्या. हात लावून बगा, जोड लागतो काय कुठं. एक थेंब येनार नाय आत. वारासुदिक नाय."

दर्शनाने हात फिरवला. मग दाराचं रबर पाहिलं. मग वर गीझरकडे पाहिलं. "काका, हा गॅसचा आहे ना?"

"हाय ना. एका झटक्यात पेटतो."

"अहो, मग हे असं बंद नाही करायचं." ती चांगल्या मनाने, समजावून सांगायच्या सुरात बोलत होती. "गॅस जळायला हवा लागते. आतली हवा संपत आली की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, धूर नाही. गेल्या थंडीत आमच्याकडे एक मुलगी आणली होती, आंघोळीला गेली ती गेलीच. चेहरा असा लालसर, टवटवीत, झोपल्यासारखा. आईबापांना खरंच वाटेना. तुम्ही कुणी वापरला नाहीत ना हा असा?"

"वापरला असता तर काका इथे उभे असते का?" संदेश बाहेरून हसत म्हणाला.

जानूने भिंतीला हात टेकला.

"आदी डोस्का दुखतो काय?" त्याने विचारलं.

"हो. डोकं जड होतं, मळमळतं, पाय जातात. तेव्हाच बाहेर हवेत आणलं तर माणूस वाचतो."

"किती येळ लागतो?"

"फार नाही हो. दहा-पंधरा मिनिटांत सुद्धा..." दर्शना बोलता बोलता थांबली. तिने आधी जानूकडे, मग दारात आलेल्या सर्वेशकडे पाहिलं. कुणासमोर आपण काय बोललो हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिने तोंडावर हात घेतला.

"तरास व्हतो काय त्यात?" जानूने विचारलं.

"नाही काका," ती हळूच म्हणाली. "कळतच नाही काही."

"बाबा," सर्वेशने विचारलं. "आई आत किती वेळ होती?"

जानूला खोटं बोलता आलं असतं. पण जे होतं तेच तोंडून आलं. "मी चाय पीत व्हतो. मना वाटला, गरम पानी हाय, घेऊ दे सुक तिला."

चिपळूणचं जोडपं निघून गेलं. जाताना दर्शनाने जानूला नमस्कार केला, तो त्याला दिसला नाही.

सर्वेश ओरडला असता, गचांडी धरली असती, तर जानूला बरं वाटलं असतं. त्याने तसं काही केलं नाही. घरात गेला, बॅग भरली, बाहेर आला.

"हे कुणाला सांगायचं नाही," तो म्हणाला. "काकीला नाही, हेतलला तर नाहीच. आई हार्टने गेली."

"राव रे आजचा दिस," जानू म्हणाला. हेतलच्या हातचं जेवायला तुम्ही मुंबईला या, असं सर्वेश सकाळीच म्हणाला होता. आता तो विषय त्याने काढला नाही.

"रजा नाही."

रिक्षा दारात येऊन उभी राहिली. मुंबईला निघताना आईबापाच्या पाया पडायची सर्वेशची लहानपणापासूनची सवय. बापाशी धड बोलत नसे, त्या वर्षांतही तो कधी न वाकता निघाला नव्हता. आताही तो सवयीने जानूसमोर आला आणि वाकला. हात पायांपर्यंत पोहोचायच्या आत तो थांबला. मग सरळ झाला, बॅग उचलली आणि रिक्षात जाऊन बसला.

रिक्षा वळणाआड गेली तरी जानू पाय जुळवून अंगणात तसाच उभा होता.